झाकणावरची नळी

मित्रांनो, मी एक जुना रणगाडा आहे, पण दचकू नका. तुमच्या शाळेच्या पट्टीपेक्षा दोन बोटं कमीच भरेन. मी प्लास्टिकचा आहे. नागपूरच्या मनीषनगरात, दुसऱ्या मजल्यावरच्या एका घरात, काचेच्या कपाटात मी राहतो. कपाटावर बुद्धमूर्ती आहे, त्यामुळे सकाळ-संध्याकाळची वंदना अगदी माझ्या डोक्यावर होते.

देवरावांनी मला सीताबर्डीच्या दुकानातून आणलं, तेव्हा मी डब्यात सुट्या तुकड्यांत होतो. देवराव सैन्यात खऱ्या रणगाड्याची तोफ चालवायचे. पण माझा डबा त्यांनी सहा वर्षं उघडलाच नाही. नुसतं पाहायचे. शेवटी त्यांच्या पत्नी, अंजनाबाई, म्हणाल्या, "जोडाचा नव्हता तर आणला काहून? धूळ पुसू पुसू माह्ये हात दुखून राहिले."

मग एका उन्हाळ्यात मी घडू लागलो. देवरावांनी वंदनेतल्या उरलेल्या मेणबत्तीवर प्लास्टिकची काडी तापवून ताणली आणि केसासारखी बारीक अँटेना केली. स्पंजचा तुकडा रंगात बुडवून कडांवर टिपला, तसा मी उन्हातान्हात झिजल्यासारखा दिसू लागलो. रंग फवारताना कूलर बंद करावा लागे, कारण त्याच्या ओल्या वाऱ्यानं रंग पांढरट पडतो. "रणगाडा वाळवून राहिले की बायकोले?" अंजनाबाई पदरानं वारा घेत विचारायच्या.

माझं वरचं फिरतं डोकं म्हणजे टरेट. त्यातून तोफेची नळी निघते. पुढे, खाली, चालकाची जागा असते आणि तिच्यावर एक झाकण. नळी त्या झाकणावर आली की ते आतून उघडत नाही. डब्यातल्या कागदावर 'झाकण चिकटवा' असं लिहिलं होतं. देवरावांनी मात्र तांब्याच्या तारेची बिजागरी करून ते उघडतं केलं.

ती बिजागरी बसवताना, घरात कुणी नसताना, ते माझ्याशी बोलले. चाळीस वर्षांपूर्वी सरावात त्यांच्या रणगाड्यात आग लागली. चालक होते त्यांचे जिवलग मित्र मारोतराव. नळी नेमकी त्यांच्या झाकणावर होती. देवरावांच्या हाताशीच टरेट फिरवायचं चाक होतं. पण ते घाबरले आणि बाहेर उडी मारून मोकळे झाले. मग भान आलं, परत आत शिरले, चाक फिरवलं. तोवर तापलेलं झाकण ढकलून ढकलून मारोतरावांची बोटं भाजून कायमची वळून गेली होती. "चाक अटकलं होतं," असं देवरावांनी सगळ्यांना सांगितलं. मारोतरावांनी ते खरं मानलं. वर भेटेल त्याला सांगत राहिले, "देवराव आगीत परत आला, म्हून मी वाचलो."

मित्रांनो, मी रोज ऐकत होतो. पंचशील म्हणताना चौथं शील, खोटं न बोलण्याचं, आलं की देवरावांचा आवाज खाली जाई. अंजनाबाईंचा एकटीचा आवाज पुढे जाई.

सुरुवातीला पाहुणे माझं कौतुक करायचे. पुढे कुणी ढुंकून पाहीना. धूळ साचली. पण देवराव रोज एक गोष्ट पाहायचे, माझी नळी बाजूला वळलेली आहे ना. ती त्यांनी कधीच समोर ठेवली नाही.

मग बातमी आली. मारोतराव नागपूरजवळच्या वाडीतलं घर सोडून मुलाकडे इंदूरला कायमचे चालले होते. रविवारी निरोप घ्यायला येणार होते. त्या आठवड्यात देवरावांचं जेवण अर्ध्यावर आलं. सांगायचं तर याच भेटीत, नाहीतर कधीच नाही.

शनिवारी सून नंदिनीनं घर आवरायला घेतलं. पुसताना माझं टरेट सारखं गळून पडे. तिनं नळी झोकात समोर केली आणि झटपट चिकटणाऱ्या गोंदाचे चार थेंब सोडले. मला ओरडता आलं असतं तर!

रविवारी सकाळी मारोतराव आले. चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून त्यांनी मला निरखलं.

"वा गा देवराव! मागं केटली बी टांगली! तुह्या हातचा तो काळा चहा... त्याच्यापेक्षा डिझेल बरं होतं!"

सगळे हसले. देवराव हसले नाहीत.

"टरेट फिरव न गा. माह्या बोटायनं नाही होत."

देवरावांनी मला हातात घेतलं. नळी समोर पाहून त्यांचा अंगठा थबकला. त्यांनी फिरवलं. मी हललो नाही.

"घ्या!" मारोतराव खदखदून हसले. "त्या दिवशीसारखंच अटकलं!"

"बाबा, ते मी काल चिकटवलं," नंदिनी दारातून ओशाळून म्हणाली. "सारखं पडत होतं म्हणून."

देवरावांच्या अंगठ्याला घाम आला होता. आत्ता नुसते हसले असते तरी चाललं असतं. मारोतराव आनंदानं इंदूरला गेले असते.

"मारोत," ते म्हणाले, "त्या दिवशी अटकलं नव्हतं."

"काय म्हणतं?"

"चाक फिरत होतं. मीच फिरवलं नाही. भेव लागलं, उडी मारली. मंग परत आलो."

मारोतरावांनी कप खाली ठेवला.

"किती वेळानं आला?"

देवराव त्या वळलेल्या बोटांकडे पाहत राहिले. "हे बोटं वळाले जेवढा वेळ लागला, तेवढ्या," ते म्हणाले.

मारोतराव उठले. दाराशी गेले, एका पायात चप्पल घातली. अंजनाबाईंनी अडवलं नाही. दुसरी त्यांनी पायानं पुढे ओढली, पण घातली नाही. मग तसेच, एका चप्पलेनिशी, परत आले.

"फिरव."

"तुटते गा."

"तुटू दे. आता फिरव."

कडकन आवाज झाला. माझी कड तुटली आणि टरेट फिरलं. मारोतरावांनी वाकड्या बोटाचं नख झाकणाखाली घातलं. दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा झाकण उघडलं.

"आला तर होता तू," ते आत पाहत म्हणाले. "पण हे तवाच सांगाचं होतं गा. चाळीस वर्सं मले लोकायपुढं खोटं बोलाले लावलं."

मारोतरावांनी 'माफ केलं' म्हटलं नाही. खुर्चीत बसले, चप्पल काढली.

"वहिनी, चाय थंडी झाली. दुसरी मांडा."

त्या संध्याकाळी चौथ्या शीलाला माझ्या डोक्यावर दोन आवाज होते.

मित्रांनो, माझं टरेट आता सैल झालं आहे. नंदिनी ते दोन बोटांनी अलगद धरून पुसते, चिकटवत मात्र नाही. तुम्हीही आमच्यासारख्यांना जपा, धूळ पुसा. पण जे फिरायला हवं ते चिकटवून टाकू नका. आणि कधी तुमच्या हाताशी असं चाक आलं, तर ते लगेच फिरवा. झाकणाखाली तुमचं कुणीतरी थांबलेलं असतं.