खिळ्यावरची जांभळी पट्टी

मी जांभळी पट्टी बोलतेय. शाळेत तळहातावर बसायची ती नव्हे हो! पापनिवेदन ऐकायला बसताना पाद्री गळ्यात घालतो, ती. मी गळ्यात असताना जे कानावर पडतं, ते त्या पाद्र्याने मरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, त्याचा उपयोगही करायचा नाही.

मनिलापासून दूर, मिआगाओ गावच्या एका मागावर माझा जन्म झाला. लेआंद्रो मागबानुआला पाद्री होण्याची दीक्षा मिळणार होती, म्हणून त्याच्या आत्याने मला विणलं. तिला डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, तरी दुसऱ्या कुणाला मागाला हात लावू दिला नाही. ‘माझ्या पोराच्या गळ्यात माझंच कापड पडलं पाहिजे,’ म्हणायची. दोन वर्षांनी ती गेली.

लेआंद्रो हुशार. बिशपांनी त्याला बेल्जियमला शिकायला धाडलं. बॅगेत मी आणि सुक्या मासळीची एक पुडी. पहिल्याच रविवारी त्याने खोलीत मासळी भाजली, तर अख्खी इमारत नाक धरून जिन्यात! तिथे सकाळी तो ईशज्ञान शिकायचा आणि दुपारी मानसशास्त्र. माणूस पाप का करतो हे सकाळी, आणि त्याला झोप का लागत नाही हे दुपारी. सहा वर्षांनी डॉक्टर होऊन तो आपल्या इलोइलो शहरात परतला आणि सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेत, प्राध्यापक झाला. शिकवायचं, आणि दीक्षेआधी प्रत्येक उमेदवाराचं मन तपासून अहवाल लिहायचा, हा पाद्री व्हायला लायक आहे की नाही. त्याच्या सहीशिवाय बिशप कुणाच्या डोक्यावर हात ठेवत नसत.

त्याच्या खोलीत भिंतीला एक खिळा होता. मी खिळ्यावर असले की तो डॉक्टर, गळ्यात असले की पाद्री. आणि ज्याची तपासणी करायची त्याचं पापनिवेदन कधीही ऐकायचं नाही, हा त्याचा नियम. यावर त्याने जाडजूड पुस्तक लिहिलं. मनिलापर्यंत वाचलं गेलं. विद्यार्थी चेष्टा करायचे, ‘अरे, आधी खिळा बघ, मग तोंड उघड!’

त्या वर्षी आर्सेनियो नावाचा डीकन, म्हणजे पाद्री व्हायला एकच पायरी उरलेला पोरगा, तपासणीला होता. दीक्षा तीन महिन्यांवर. गोड बोलणारा, गाता गळा, सगळ्यांचा लाडका. लेआंद्रोने वर्षभर चाचण्या घेतल्या, पण पोरगा काही उलगडेना. शेवटी ‘लायक’ असा अहवाल लिहून झाला, फक्त सही राहिली.

त्याच सुमाराला सेमिनरीच्या जीपखाली एक म्हातारी आली. तिन्हीसांजेला बाजारातून घरी निघाली होती, वळणावर जागीच गेली. जीप थांबली नाही. पोलिसांना जीप सेमिनरीच्या शेडमध्ये सापडली, दिवा फुटलेला, आणि मागच्या बाकावर ताडी पिऊन झोपलेला ड्रायव्हर एस्तेबान. सगळे त्याला नोंग तेबान म्हणायचे, म्हणजे तेबानदादा. ‘मी चालवलीच नाही हो!’ असं तो ओरडत राहिला. कोण ऐकतंय!

आठवड्याने आर्सेनियो खोलीत आला आणि गुडघ्यांवर बसला.

‘फादर, ती पट्टी घाला.’

‘तुझं पापनिवेदन माझ्यापाशी नको, आर्सेनियो. नियम माहीत आहे तुला. फादर बेनितोंकडे जा.’

‘ते इस्पितळात आहेत. मला आजच बोलायचंय. उद्या धीर होणार नाही.’

लेआंद्रो उठला. कळवळा होताच, नाही म्हणत नाही मी. पण खरं सांगू? त्याला जाणून घ्यायचं होतं. वर्षभर बंद राहिलेलं कुलूप आपणहून उघडत होतं. त्याने मला खिळ्यावरून काढलं. मेल्या, नको रे, असं मी ओरडले असते, पण माझं कोण ऐकणार!

कापडाला कुणी शपथ घातलेली नाही, म्हणून मी सांगते. जीप आर्सेनियो चालवत होता. तेबान मागे झोपलाय हे त्याला शेडमध्ये जीप लावल्यावर दिसलं, आणि तो चावी तिथेच ठेवून पळाला.

‘आत्ताच्या आत्ता पोलिसांत जा,’ लेआंद्रो म्हणाला. ‘तोवर मी क्षमा देऊ शकत नाही. एक निरपराध माणूस आत आहे.’

‘जातो, फादर. आईला एकदा भेटतो आणि जातो.’

तो गेला नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर समोर बसून भात मागून घेत होता. लेआंद्रोला त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघायचीसुद्धा मुभा नव्हती. अहवालातला एक शब्द बदलला असता, तरी ते पापनिवेदन उघड केल्यासारखंच झालं असतं. ‘लायक’च्या खाली त्याने सही केली. पेन कागदातून आरपार गेलं. आर्सेनियो पाद्री झाला, दूरच्या बेटावर गेला. तेबानला बारा वर्षांची शिक्षा झाली.

तेबानची बायको नांग इसिंग, नांग म्हणजे ताई, दर रविवारी तुरुंगात जायची, आणि येताना लेआंद्रोकडे डोकवायची. केळीच्या पानातला गोड भात टेबलावर ठेवायची. ‘खा हो फादर, नुसती हाडं राहिलीत तुमची!’ मग तेबानचा खोकला, तेबानचा सदरा, तेबानचं ‘मी चालवलीच नाही’ हे तेच ते बोलणं. चार वर्षं. लेआंद्रोने वकील गाठून दिला, अर्ज लिहून दिले. तेवढं तर तो कुणासाठीही करायचा.

एका रविवारी भात ठेवून ती खुर्चीत टेकली. मग म्हणाली, ‘फादर, तुम्ही माणसांच्या मनाचे डॉक्टर. एक सांगा. नवरा बायकोशी चार वर्षं खोटं बोलू शकतो?’

लेआंद्रो भाताचं पान सोडत राहिला.

‘शेजारणी म्हणतात, इसिंग, तू खुळी आहेस. त्या म्हातारीची मुलगी बाजारात माझ्यासमोर थुंकते. एवढं सोसायचं ते खऱ्यासाठी सोसावं ना? त्याने केलं की नाही?’

मी खिळ्यावरून बघत होते. ‘नाही’, एवढंच बोलायचं होतं. दुसरा कुठलाही पाद्री ‘मला नाही वाटत’ असं सहज म्हणाला असता. पण याला ठाऊक होतं! याने काहीही म्हटलं तरी ते त्या गुडघ्यांवर बसलेल्या पोराच्या तोंडचं झालं असतं.

‘तुम्ही जात राहा, नांग,’ शेवटी तो म्हणाला. ‘त्याला तुमची गरज आहे.’

‘ते मी विचारलं नाही.’

‘मला... सांगता येत नाही.’

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग उठली. ‘कळलं,’ म्हणाली. ‘इतकी बुकं वाचलेला माणूस, आणि तेबान निर्दोष आहे म्हणायला तुमचीही जीभ रेटत नाही.’

‘नांग, थांबा—’

ती थांबली नाही. पुढच्या रविवारी तुरुंगात गेली नाही, आणि त्यानंतरही कधी नाही. इकडे लेआंद्रोला विद्यापीठाने मानाचं पद दिलं. भाषण त्याच पुस्तकावर होतं. टाळ्या थांबेनात.

तेबान पुढच्या पावसाळ्यात खोकून खोकून मेला. तुरुंगाच्या पाद्र्याने सांगितलं, शेवटपर्यंत तो दर शनिवारी सदरा धुवून वाळत घालायचा, बायको येईल म्हणून.

दफनविधीला लेआंद्रोने मला गळ्यात घातलं. पाच-सहा माणसं होती. माती टाकून झाल्यावर नांग इसिंग जवळ आली. रडत नव्हती. तिने लेआंद्रोचा हात कपाळाला लावला.

‘फादर, तुमचे उपकार आहेत,’ ती म्हणाली. ‘तुम्ही त्या दिवशी गप्प बसलात म्हणून माझे डोळे उघडले. नाहीतर मी त्या खोटारड्यावर विश्वास ठेवून मेले असते.’

ती निघून गेली, आणि हा चिखलात उभा.

त्यानंतर त्याने शिकवणं सोडलं. आता तो म्हाताऱ्या पाद्र्यांच्या घरी असतो. दिवसभर मला मांडीवर घेऊन बसतो, धागे ओढून ओढून माझं एक टोक पार उसवून टाकलंय. तो बोलणार नाही. आर्सेनियो बोलणार नाही. मला पाय नाहीत. नांग इसिंग अजून आहे, बाजाराच्या कोपऱ्यावर गोड भात विकते, थकलीय. तुम्ही ऐकलंत ना सगळं? मग ती आहे तोवर कुणीतरी जा, आणि तिला एवढंच सांगा, जीप तेबानने चालवली नव्हती.