आतल्या आत तुटलेली वायर

बापू राहायला येणार म्हणून ताईने घरालगतचं गॅरेज रिकामं करायला घेतलं होतं. बापू तिचा धाकटा भाऊ. ती सत्तरीची, तो चौसष्टचा. त्याचे गुडघे गेले, मुलगा लांब गेला, तेव्हा तोच म्हणाला होता, "जिथे तीस वर्षं इंजिनं खोलली तिथेच एक खाट टाकू दे, ताई. आता आपल्याला आपणच." ताईला बरं वाटलं होतं. घरात बोलायला भिंतींशिवाय कोणी नव्हतं.

वायरमन सकाळीच आला. कामाची यादी बापूच्या अक्षरात होती: पंखा एक, प्लग दोन, खाटेजवळ बटण आणि ताईच्या स्वयंपाकघरात बेल.

वायरमनचे हात कमी आणि तोंड जास्त चालायचं. "काकू, छताला हा हुक कशाला? खाटीकखाना होता की काय?"

"इंजिन उचलायला. साखळी लावून."

"आणि फरशीत हा खळगा?"

"बापूच्या टाचेचा. एकाच जागी उभा राहायचा ना."

"भिंतीवर ही बाटल्यांची झाकणं का ठोकलीत?"

"एकेका झाकणाखाली एकेका मापाचे स्क्रू लटकायचे. न बघता हात जायचा त्याचा." आपणच ते सगळं केलंय अशा थाटात ती सांगत होती.

मग दोघांनी लोखंडी कपाट सरकवलं. त्यामागे भिंतीवर एक जुनी बेल निघाली, वाटीएवढी.

"ती बंद आहे," ताई म्हणाली. "आईचं अर्धं अंग गेलं, वाचाही गेली, तेव्हा वडिलांनी लावली होती. तिच्या उशाशी एक बटण आणि बेली दोन. एक स्वयंपाकघरात, एक इथे. मी नाहीतर बापू, कोणीतरी ऐकेल म्हणून. वडील गेले आणि इथली वायर आतल्या आत तुटली. बापू म्हणाला, भिंत फोडावी लागेल. मग राहिलं ते राहिलंच. स्वयंपाकघरातली आई गेल्यावर काढून टाकली."

वायरमनने फुंकर मारून धूळ उडवली आणि डोकं जवळ नेलं. "काकू, वाटीवर आपटणारा हा छोटा हातोडा बघा. याला सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलंय. वरून तांब्याची तार. उंदरांचं काम नाही हे."

तारेला तीन वेढे होते आणि टोक आत दुमडलेलं होतं. घरातल्या प्रत्येक तुटक्या दांड्याला बापूने असेच वेढे दिले होते.

"थांबा, दाबूनच बघतो," म्हणत वायरमन आईच्या खोलीकडे गेला.

टप. टपटप. टप.

ताईने कपाटाचा कोपरा धरला. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. वडील गेल्यानंतरची सात वर्षं रोज चहा घेऊन ती इथे यायची, तेव्हा कधीकधी हाच आवाज यायचा. एकदा तिने विचारलंही होतं. "कॉम्प्रेसर गं," बापू म्हणाला होता, "थंड होताना वाजतो." म्हणजे आई बोलावत होती आणि दोन्ही मुलं इथे उभी होती.

"वाजली का?" खोलीतून वायरमन ओरडला.

एक दुपार तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली होती. दाढ दाखवायला ती दोन तास बाहेर गेली होती. परत आली तेव्हा आई खाटेखाली पडलेली होती. चौथ्या दिवशी आई गेली. तेव्हा सगळ्यांच्या देखत बापू म्हणाला होता, "तू घरी असतीस तर, ताई." त्यानंतर तिने कधी दाढ दाखवली नाही. अकरा वर्षं ती एकाच बाजूने जेवत होती.

बापू आला तो हातात मोजमापाची टेप घेऊनच. "खाट या भिंतीला लावू म्हणतो..." पुढे त्याला बेल दिसली. टेप सर्रकन आत गेली.

"वायर तुटली होती ना रे?" ताईने विचारलं.

बापू खुर्ची शोधू लागला. "अगं, दर पाच मिनिटांनी वाजवायची ती. पाणी दे, कूस बदल. हातातलं काम सुटायचं. आणि तू होतीसच की."

"त्या दुपारी नव्हते."

"मला काय माहीत तू बाहेर गेलीस ते!"

"सांगून गेले होते, बापू. या दारात उभी राहून."

बापूने गुडघा चोळला. तोवर वायरमन परत येऊन दारातच थबकला होता.

"वाजली होती?" ताईने विचारलं.

"वाजायचीच ती."

"त्या दुपारचं विचारतेय."

बापूने नजर खळग्याकडे वळवली. "हो. नंतर थांबली," तो म्हणाला. "मला वाटलं, तू आलीस."

ताईने यादी उचलली, पुन्हा वाचली आणि वायरमनकडे दिली.

"पंखा आणि प्लग यादीप्रमाणे करा," ती म्हणाली. "बेल मात्र नवी आणू नका. हीच काढून स्वयंपाकघरात लावा."

"बरं. तेवढं रबर सोडवून टाकतो."

"नको, राहू द्या. बापूच्या हातचं आहे. पक्कं असतं."