राहिलेली बाही

निळ्या रंगाची बाटली मी ओट्यावर ठेवली होती. लाल बाटलीच्या शेजारी, झाकण उघडून. कप विसळून मागे वळले, तर ओट्यावर लाल एकटीच. निळी वर फळीवर, साखरेच्या डब्यामागे, झाकण घट्ट लावून बसलेली.

"ढब्बू!" मी ओरडले.

ढब्बू म्हणजे माझी भाची. नाव ढब्बू आणि अंगाने काडी. बाहेरच्या खोलीत गणितं सोडवत होती, ती उठून दारात आली. अंगात तोच जांभळा स्वेटर. उजवी बाही मनगटापर्यंत आणि डावा हात खांद्यापासून उघडा.

"बाटली तू उचललीस?"

"नाही."

"मग काय, तिला पाय फुटले?"

"आईने ठेवली असेल," ती म्हणाली आणि गणितं करायला निघून गेली.

तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते.

आम्ही तिला बुटकी म्हणायचो. स्वतःच्या संसारातही फळीवरचं काही काढायचं म्हटलं की तिला स्टूल लागायचं. ते स्टूल अजून स्वयंपाकघरात होतं. त्याचा एक पाय आखूड होता, सरकवलं की सगळ्या घराला ऐकू जाईल असं कुरकुरायचं. मी उंच आहे, मला ते लागत नाही. त्या दुपारी स्टूल फळीखाली उभं होतं, आणि मी पाठमोरी असताना काहीही कुरकुरलेलं नव्हतं.

मी काही भित्री नाही. भित्रेपणाचं सगळं खातं बुटकीकडे होतं, माझ्याकडे रागाचं. मी स्टूल उचलून कोपऱ्यात आपटलं, निळी बाटली खाली घेतली आणि कामाला लागले.

काम असं होतं. बुटकीने जाण्याआधी लेकीसाठी स्वेटर विणायला घेतला होता. पुढचा भाग झाला, पाठ झाली, गळा झाला, एक बाही झाली. दुसऱ्या बाहीचे टाके तिने दोऱ्यात ओवून ठेवले आणि तिथेच सगळं थांबलं. पोरगी तो तसाच घालायची. थंडी पडली होती, डावा हात गारठून निळा पडायचा, शाळेत मुलं हसायची, पण दुसरा स्वेटर अंगाला लावून घेईल तर शपथ. दोन वर्षांनी तो तिच्या अंगात शिरणारही नव्हता. भावजी छापखान्यात कामाला, त्यांना सुई कुठल्या बाजूने धरायची तेही ठाऊक नाही. मी शिवणकाम करते. बाह्या लावण्यात माझं आयुष्य गेलंय. म्हणून घराला कुलूप लावून इथे येऊन राहिले. एक बाही, त्यात काय एवढं, असं मला वाटलं होतं.

पण तसली लोकर कुठल्याच दुकानात मिळेना. तो रंग बुटकीने घरीच चढवला होता, केकमध्ये घालतात त्या खाण्याच्या रंगाने. आईने आम्हा दोघींना ते शिकवलं होतं. व्हिनेगरच्या पाण्यात लोकर भिजवायची, रंग घालायचा, मंद आचेवर ठेवायची. उकळू द्यायची नाही, ढवळत बसायचं नाही, नाहीतर लोकर आवळून जाड होते. पाणी नितळ झालं की समजायचं, रंग सगळा लोकरीने पिऊन टाकला.

माझं पाणी नितळ होईना. लाल लोकरीवर झडप घालायचा आणि निळा पाण्यातच पोहत राहायचा. पहिली लडी निघाली ती मार लागल्यासारखी, कुठे लाल, कुठे काळीनिळी. दुसरी मातकट. तिसरीच्या वेळी मी व्हिनेगर दुप्पट घातलं, आच कमी केली, तासभर थांबले. झाकण काढलं तर लोकर गुलाबी आणि पाणी निळंशार. आणि पळी पातेल्याच्या डाव्या कडेला टेकवलेली.

मी उजव्या हाताने ढवळते. डावखुरी बुटकी होती.

"ताई, आम्ही दोन रंग एकत्र कालवतच नाही," भावजी पातेल्यात डोकावून म्हणाले. "आधी एक छापायचा, वाळू द्यायचा, मग त्यावर दुसरा."

"तुमचं यंत्र तुमच्यापाशी ठेवा," मी म्हटलं. माझ्यापुढे गप्प बसायची या घराला सवय आहे.

आता खरं ते सांगते. बुटकी गेली तेव्हा आमच्यात चार वर्षं बोलणं नव्हतं. आई गेल्यावर तिचं सामान आवरताना एकच वस्तू दोघींना हवी होती, आईचा रोजचा स्वेटर. होता जुनाट, पाठीला कसर लागून भोकं पडलेली, पण त्याला आईचा वास होता. मी बाही धरली, तिने बाकीचा. सोड म्हटलं तरी ती सोडेना, आणि मी तर काय, मी कधी काही सोडलंय? शिवण उसवली. बाही माझ्या हातात आली. "घे, बाकीचा डोक्यावर घेऊन नाच," असं म्हणून मी पायात चपला सरकवल्या. ती आजारी आहे हे मला कळलं होतं. तिने बोलावलं की जाईन, असं म्हणत राहिले. पोचले तेव्हा तीन दिवस उशीर झाला होता.

म्हणून मला ती बाही करायचीच होती. पोरीसाठी होतीच, पण त्याहून जास्त माझ्यासाठी. आणि ही बया बाटली उचलून फळीवर ठेवत होती. रोज. मी पाठ फिरवायची खोटी. मला वाटलं, तिला माझ्या हातची बाही नकोय. मेल्यावरही अबोला धरलाय. एकदा मी रिकाम्या स्वयंपाकघरात मोठ्याने म्हणालेसुद्धा, "एवढा राग बरा नव्हे, बुटके!" पातेल्यातलं पाणी निळंच राहिलं.

रविवारी सकाळी ढब्बू अंघोळीला गेली तेवढ्यात मी तिचा स्वेटर खिडकीशी नेला. रंग नीट पाहावा म्हणून उलटा केला. जिथे धाग्याला धागा जोडला होता तिथे, गाठीच्या शेजारी, बोटभर जागा जांभळी नव्हती.

मला लगेच कळलं ते काय आहे. रंगवण्याआधी लडी गुंतू नये म्हणून तिला चार जागी दोऱ्याने बांधतात, सैलसर. बुटकी जन्मभर घट्ट बांधायची. आई ओरडायची, "अगं, गळा आवळतेस का लोकरीचा? आत रंग जायला नको?" घट्ट बांधलं की दोऱ्याखालची लोकर कोरी राहते. म्हणजे ती जागा पांढरी असायला हवी होती.

ती आकाशी होती.

तो आकाशी मी अंधारातही ओळखला असता. लहानपणी ताप आला की त्याच रंगात तोंड खुपसून झोपायचे मी. खिडकीशीच खाली बसले.

तिने आईचा स्वेटर उसवला होता. कसरीने खाल्लेलं टाकून दिलं होतं, उरलेली निळी लोकर नुसत्या लाल रंगात बुडवली होती, आणि लेकीसाठी विणायला घेतली होती. निळा आधीपासून लोकरीतच होता. तो बाटलीतून घालायचाच नव्हता. आणि एक बाही कमी पडणार हे तिला पहिल्या टाक्यापासून ठाऊक असणार. तरी तिने माझ्याकडे मागितली नाही. मागितली असती तरी मी दिली नसती. हे मला पक्कं माहीत आहे, आणि यापुढे ते मला माहीत असतच राहणार आहे.

"मावशी, रडतेस?" ढब्बू ओल्या केसांनी समोर उभी होती.

"चप्पल घाल," मी म्हटलं. "माझ्या घरी जाऊन यायचंय."

बसने दोन तास जायला, दोन तास यायला. बाही कपाटात तळाशी होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. वास केव्हाच उडून गेला होता. परतल्यावर आम्ही दोघींनी मिळून ती उसवली, मी धागा ओढत गेले आणि ढब्बू खुर्चीच्या पाठीला गुंडाळत गेली. लडी मी सैल बांधली. मग त्यातली एक गाठ सोडवली आणि मुद्दाम बुटकीसारखी घट्ट बांधली.

पातेल्यात फक्त लाल घातला. निळी बाटली कुठे आहे ते वर मान करून पाहिलंही नाही. थोड्या वेळाने ढब्बू ओट्याला नाक लावून म्हणाली, "मावशी, पाणी पांढरं झालं." पाणी नितळ होतं, तळाचा ओरखडाही दिसत होता. आत लोकर जांभळी, तिच्या उजव्या बाहीसारखीच.

तीन दिवसांत बाही झाली. मोठ्या बाईच्या हाताची लोकर, ती उरली. ढब्बू म्हणाली उरवू नकोस, लांबच कर, म्हणजे पुढच्या वर्षीही पुरेल. तेव्हा डाव्या बाहीला आता दोन घड्या घालाव्या लागतात. शाळेत अजूनही हसतात म्हणे. हसू देत.

मी अजून इथेच आहे. भावजी जा म्हणत नाहीत आणि मी निघत नाही. दुपारी घरात कोणी नसलं की मी निळी बाटली ओट्यावर ठेवते, झाकण उघडते आणि पाठ फिरवून उभी राहते. चांगले शंभर आकडे मोजेपर्यंत. परवा ढब्बू शाळेतून लवकर आली आणि तिने मला तसं पाहिलं.

"आता नाही ठेवणार ती," ढब्बू म्हणाली. "बाही मिळाली ना तिला."

मी वळले. बाटली जिथे ठेवली होती तिथेच होती.