एक थेंब गळणार नाही

नळवाल्यांना गळती सहन होत नसे. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी चहा येईपर्यंत त्यांचा एक कान स्वयंपाकघरातल्या नळाकडे असायचा. टपटप ऐकू आली की गप्पा तिथेच सोडून ते खिशातून पाना काढायचे. पाना खिशात घालून पाहुणचाराला जाणारा माणूस जगात दुसरा नसेल. आता धंदा बंद करून निवांत बसायचे दिवस आले होते, पण हात कुठे निवांत बसतात? आपण केलेल्या कामाबद्दल त्यांचं एकच वाक्य ठरलेलं, "एक थेंब गळणार नाही." आणि खरंच गळत नसे. गडी फुशारकी मारायचा, पण पोकळ नाही.

त्यांच्या बायकोने शाळेत कवायत शिकवण्यात उमेदीची वर्षं घालवली होती, म्हणून सगळं गाव त्यांना बाई म्हणे. चूक अंगाशी आली की नळवालेसुद्धा घाईघाईने "बाई" म्हणायला लागत.

या बाईंच्या वडिलांची एक जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल होती, ट्रायलची. हा खेळ वेगाचा नाही. दगडधोंड्यांतून, चिखलातून, उभ्या चढावरून गाडी गोगलगाईच्या चालीने न्यायची, तीही उभं राहून, आणि पाय जमिनीला टेकवायचा नाही. टेकला की गुण कापला. लग्नाआधी बाईंनी या खेळात भल्याभल्यांना पाणी पाजलं होतं. पुढे शाळा आली, संसार आला, इंजिन जाम झालं, आणि गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली जाऊन पडली ती पडलीच.

वडील गेले आणि गाडी दोघा भावंडांच्या वाट्याला आली. बाईंच्या धाकट्या भावाचं, म्हणजे नळवाल्यांच्या मेहुण्याचं, सोफे-पडद्यांचं मोठं दुकान. तो ताडपत्री वर करून म्हणाला, "ताई, झकास! दुकानाच्या काचेत उभी करतो. चाकांना रंगीत फिती बांधायच्या, सीटवर एक कुंडी ठेवायची. लोक थांबून बघतील."

"कुंडी?" बाई म्हणाल्या.

"जिवंत झाड नको असेल तर प्लास्टिकचं ठेवू."

बाईंचा चेहरा असा झाला की मेहुणा दोन पावलं मागे सरला. शाळेत त्या चेहऱ्यापुढे वर्गच्या वर्ग सरळ रांगेत उभे राहिले होते. "महिनाअखेरीला खाणीत जुन्या गाड्यांची ट्रायल आहे," त्या म्हणाल्या. "तिथली फेरी या गाडीने स्वतःच्या इंजिनावर पुरी केली, तर गाडी माझी. ढकलून आणावी लागली तर तुझी. मग कुंडी ठेव नाहीतर बाग लाव."

"ताई, ही सुरूही होणार नाही."

"होईल," नळवाले बोलून गेले. "मी करतो."

त्यांनी मोटारसायकलचं इंजिन उभ्या जन्मात उघडलं नव्हतं. पण बायकोला गाडीवर त्यांनी पाहिलं होतं. तरुणपणी ते त्याच खाणीत पाण्याच्या टाकीचा पाइप जोडायला गेले होते, आणि समोरच्या कड्यावरून एक मुलगी हँडल धरून उभीच्या उभी, अगदी सावकाश, खाली उतरत होती. त्या दिवशी नळवाल्यांनी आयुष्यात एकदाच एक जोड अर्धवट सोडला. ती मुलगी साठीला आली, तिचे गुडघे कुरकुरायला लागले, तरी तिला तशी पुन्हा बघायची हौस त्यांच्या मनातून गेली नव्हती. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोला तर नाहीच.

शेड म्हणजे आता दवाखाना झाला. पिस्टन सिलिंडरला असा चिकटला होता की हातोडीचा मोह आवरणं कठीण. नळवाल्यांनी गंजलेले व्हॉल्व्ह सोडवताना शिकलेला संयम वापरला, तेल ओतलं आणि वाट पाहिली. शेवटी एका सकाळी लाकडाचा ठोकळा लावून हलकेच टोला मारला आणि पिस्टन सुटला. बाईंनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी पाय मुडपून एक्झॉस्टच्या तोंडातला काजळीचा थर खरवडायला घेतला. नळवाल्यांनी नव्या रिंगा बसवल्या, क्रँकची बेअरिंगं बदलली, तिच्या दोन्ही टोकांची ऑइल सील, म्हणजे फट बुजवणारी रबरी कडी, बदलली.

या इंजिनावर त्यांचा जीव जडला तो एका गोष्टीमुळे. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवा आधी क्रँकच्या खोलीत जातात, तिथे दाबल्या जातात आणि मग वर सिलिंडरमध्ये. ती खोली हवाबंद हवी. कुठे केसाएवढी फट राहिली की इंजिन बिथरलंच. "म्हणजे हे आपलंच काम!" नळवाले हरखून म्हणाले. त्यांनी सगळी भोकं बंद केली, पंपाने आत हवा भरली आणि गॅसच्या पाइपला लावतात तसं साबणाचं पाणी जोडाजोडावर फासलं. एकही बुडबुडा आला नाही. त्यांनी बायकोला बोलावून न आलेले बुडबुडे दाखवले.

त्याच तारेत त्यांनी पेट्रोलची टाकी घेतली. आतला गंज काढला, नवा रबरी वायसर बसवला. शेवटी टाकीचं झाकण उजेडात धरलं, तर त्यात सुईच्या टोकाएवढं भोक. गाडी आडवी पडली की तिथून पेट्रोल ठिबकणार, हे उघड होतं. नळवाल्यांनी झाकण नीट धुऊन वाळवलं आणि त्यावर कथिलाचा एक टिपका दिला. वर कानशीने घासून असा गुळगुळीत केला की आपण काही केलंय हे आठवड्याने त्यांनाही आठवेना.

गाडी तिसऱ्या किकला सुरू झाली. निळा धूर, तो जुना टणटण आवाज. बाईंचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते सरळ बाहीने पुसले. त्या गाडीवर उभ्या राहिल्या, अंगणाला एक फेरी, दोन फेऱ्या, कुंपणाजवळच्या विटांच्या ढिगावरून वर आणि खाली. नळवाल्यांना आकाश ठेंगणं झालं.

आणि मग माशी शिंकली. इंजिन आधी उगाचच किंचाळल्यासारखं जोरात पळालं, मग अडखळलं आणि गप्प झालं.

"पेट्रोल संपलं का?" बाईंनी झाकण उघडून पाहिलं. टाकी भरलेली होती. झाकण लावलं, किक मारली, तर एका किकला सुरू! पुन्हा थोडा वेळ झकास, पुन्हा किंचाळणं, पुन्हा गप्प. पुन्हा झाकण उघडून बघितलं, पेट्रोल आहेच. किक मारली की चालू.

"तुझ्या भावासारखी आहे," नळवाले म्हणाले. "रुसायचं, कुणी डोकावून विचारपूस केली की लगेच खूश."

"माझ्या भावाला बोलू नका. इंजिन बघा."

त्यांनी बघितलं. प्लग बदलला. ठिणगी पाडणारे पॉइंट घासून त्यातलं अंतर नीट लावलं. कार्बोरेटर खोलून एकेक जेट फुंकून साफ केला. गाडीचं आपलं तेच. मग नळवाल्यांना खात्रीच पटली की क्रँकचं सील हवा ओढतंय, कारण त्यांच्या मते जगातले सगळे घोटाळे गळतीतून होतात. अख्खं इंजिन पुन्हा टेबलावर आलं. आठवडाभर त्यांना जेवणखाण सुचलं नाही. नवी सील घातली, पुन्हा साबणाचं पाणी झालं. या वेळी टाकी न चढवता त्यांनी पेट्रोलची एक उघडी बाटली छताला टांगली, तिची नळी कार्बोरेटरला जोडली आणि इंजिन सुरू केलं. ते दुपारभर एका सुरात चालत राहिलं. बाटली चारदा भरावी लागली, पण इंजिन शिंकलंसुद्धा नाही.

"सीलच होतं," नळवाले म्हणाले. "आता एक थेंब गळणार नाही की हवेचा कण आत जाणार नाही." टाकी चढली, नट आवळले गेले. दुसऱ्याच दिवशी ट्रायल होती.

खाणीत जुन्या गाड्यांची आणि त्याहून जुन्या स्वारांची गर्दी. बाईंनी टाकी काठोकाठ भरली, हेल्मेट घातलं आणि निघाल्या. नळवाले काठावरून बघत होते. बाई पहिल्या खडकावर चढल्या, पाय गाडीच्या पायरीवर घट्ट, गुडघे सैल, नजर पुढच्या दगडावर. चिखलाचा पट्टा पार झाला. अरुंद वळण पार झालं. पाय एकदाही खाली आला नाही. शेजारचे लोक "कोण हो या?" म्हणून विचारू लागले आणि नळवाल्यांची छाती शर्टात मावेना. राहिला होता फक्त शेवटचा चढ, तोच कडा, या खेपेला खालून वर.

मेहुणा पाण्याच्या कॅनपाशी ग्लास घेऊन उभा होता. त्याने दुकानाच्या काचेचं मापसुद्धा घेऊन ठेवलं होतं. "भाऊजी, यांचं पाणी संपलं वाटतं. नळ उघडलाय तरी येत नाही."

नळवाल्यांनी कॅन हलवून पाहिला. चांगला भरलेला. त्यांनी हात लांब करून वरचं बूच सैल केलं आणि उभा जन्म ज्या सुरात गिऱ्हाइकांना झापलं त्याच सुरात म्हणाले, "अरे, बूच गच्च लावलंय. वरून हवा आत गेल्याशिवाय खालून पाणी येईल कसं? एवढंसुद्धा कळत..."

पाणी धो धो ग्लासात पडलं. नळवाले तोंड उघडं टाकून उभे राहिले. अंगणात दर वेळी झाकण उघडून पाहिलं होतं, ते त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. उघडी बाटली आठवली. कथिलाचा टिपका आठवला. शेकडो टाक्यांवर त्यांनी स्वतःच्या हाताने हवेची नळी बसवली होती, आणि बायकोच्या गाडीच्या नाकात बोळा कोंबून ठेवला होता.

तेवढ्यात कड्यावरून इंजिनाचं ते ओळखीचं किंचाळणं आलं.

नळवाले धावले. या वयात, त्या दगडांतून, खिशातला पाना मांडीवर आपटत. गाडीला हात लावायची बाहेरच्या माणसाला परवानगी नव्हती, दोरीपाशी थांबावं लागलं. वर अर्ध्या चढावर इंजिन अडखळलं आणि बंद पडलं. बाईंनी क्षणभर तोल सांभाळला, मग त्यांचा पाय खाली आला. सगळ्या फेरीत पहिल्यांदा. त्यांनी किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. मागून मेहुणा धापा टाकत आला आणि हळूच म्हणाला, "ताईला सांगा, दमू नकोस. मी ढकलतो."

खाणीत सगळे चिडीचूप झाले होते. आता ओरडलं असतं तर शब्दन् शब्द सगळ्यांना ऐकू गेला असता, आणि त्या सगळ्यांत निम्म्या लोकांच्या घरचे नळ यांनीच बसवलेले. नळवाल्यांना भयंकर लाज वाटली. पण वर ती एकटी उभी होती, दोन्ही ब्रेक दाबून, थकलेल्या गुडघ्यांनी गाडी तोलत.

"बाई!" ते कोकलले. "झाकण सैल कर! टाकीचं झाकण! त्याचं हवेचं भोक मी बुजवलंय! इंजिन चांगलं आहे, मीच गाढव आहे!"

हशाची लाट उसळली. बाईंनी हेल्मेटमधून एकदा खाली पाहिलं. मग झाकणाला हात घातला, अर्धा फेरा फिरवला. फुस्स झालेलं दोरीपर्यंत ऐकू आलं. त्यांनी थोडा दम खाल्ला, किक मारली, इंजिन टणटणलं. त्यांनी पाय उचलून पायरीवर ठेवला आणि गाडी सावकाश, अगदी सावकाश, वर चढवत नेली. माथ्यावर पोचल्या तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते. नळवाले वाजवत नव्हते. त्यांना नीट दिसतच नव्हतं.

त्या वळसा घालून खाली आल्या आणि नवऱ्यासमोर थांबल्या. "तुमच्या टिपक्यापायी एक गुण गेला माझा."

"हो, बाई."

"आणि इंजिन दुसऱ्यांदा उगाच खोललं."

"हो, बाई."

"चारचौघांत एवढ्या मोठ्यांदा ओरडायची काय गरज होती?" त्या म्हणाल्या, आणि हसू आवरेना म्हणून हेल्मेटची काच खाली ओढली. "लग्नाआधी इथे टाकीवर पाइप लावत होतात तेव्हाही माझ्याकडे असंच तोंड उघडं टाकून बघत होतात. वाटलं, या माणसाला काही बोलता येत नाही."

नळवाल्यांचे कान लाल झाले. इतकी वर्षं जपलेलं गुपित बाईंना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

बाईंनी गाडी वळवली आणि आणखी एक फेरी मारायला निघाल्या, कुणी सांगितलं नव्हतं तरी. मेहुण्याने काचेच्या मापाचा कागद खिशातून काढून चुरगळला. मग त्याचं लक्ष गाडीकडे गेलं. सैल झाकणातून पेट्रोल निथळत टाकीवरून खाली येत होतं आणि तापल्या दगडांवर थेंब पडत होते.

"भाऊजी," तो म्हणाला, "गळतंय."

नळवाल्यांचा हात सवयीने खिशातल्या पान्यावर गेला आणि तिथेच राहिला.

"दिसतंय मला," ते म्हणाले. "गळू दे."