शिफ्रा-पुवांची थाळी

मित्रांनो, मी काशाची एक जुनी थाळी आहे. कडेला किंचित चेपलेली आणि हल्ली पाण्याच्या रांजणावर झाकण म्हणून ठेवलेली. आष्टी तालुक्यातील एका लहानशा वस्तीत माझे वास्तव्य आहे. जे नाद माझ्यातून उमटले, ते केव्हाच विरून गेले. जे उमटायचे राहिले, ते मात्र माझ्या अंगात अजून फिरतात. रांजणातील पाणी तळाला गेले की ते मला अधिक स्पष्ट ऐकू येतात.

तांबे आणि कथील यांच्या संयोगातून एका कासाराने मला घडविले. मी पुढे ज्यांच्या हाती आले, त्या हन्नाबाईंच्या सासूबाईंनी आठवडी बाजारातून मला घरी आणले. ते कुटुंब ख्रिस्ती होते आणि त्या घरातील स्त्रिया सुइणी होत्या. त्यामुळे माझ्यात अन्न क्वचितच वाढले गेले.

मुलगा जन्मला की साऱ्या वस्तीला कळावे म्हणून थाळी वाजवावी, अशी तेथील रीत. जन्मलेले बाळ रडले नाही, तर त्याच्या कानाशीही थाळी वाजवीत. त्या आवाजाने दचकून ते पहिला श्वास घेते, अशी सुइणींची श्रद्धा होती. मुलगी झाल्यावर मात्र थाळीला कोणी हात लावीत नसे.

एका घरी अशीच एक मुलगी जन्मली. ती रडली नाही. हन्नाबाईंनी मला उचलले, तोच दाराशी बसलेली त्या घरातील वडीलधारी स्त्री म्हणाली, “पोरगी हाय ना? मग कावून वाजवती? गावाला वाटंल पोरगा झाला. हसं हुईल आमचं.”

हन्नाबाईंचा हात थांबला. क्षणभरच थांबला, असे त्या पुढे स्वतःला समजावीत. परंतु त्या बालिकेपाशी तेवढाच क्षण होता.

घरी परतताना मी त्यांच्या काखेत होते. माझ्यावर कोणी आघात केला नव्हता, तरी मी कापत होते. त्या दिवसापासून हन्नाबाई घरात एकट्या असल्या की मला उताणी न ठेवता पालथी ठेवीत. उताण्या थाळीत कोणीतरी निजले आहे, असे त्यांना वाटे.

पुढे एका रविवारी उपासनेनंतर पाळकांच्या पत्नींनी स्त्रियांना बायबलमधील निर्गमाच्या पुस्तकातील एक कथा वाचून दाखविली. मिसर देशाच्या, म्हणजे इजिप्तच्या, राजाने तेथे गुलाम असलेल्या इब्री लोकांच्या सुइणींना आज्ञा केली, की मुलगा जन्मला तर त्यास मारून टाका, मुलगी असली तर जगू द्या. शिफ्रा आणि पुवा ही त्या सुइणींची नावे. त्यांनी देवाचे भय बाळगले आणि राजाची आज्ञा मोडली. राजाने जाब विचारला, तेव्हा त्या म्हणाल्या, की इब्री स्त्रिया जोमदार असतात. सुईण पोहोचण्यापूर्वीच त्या प्रसूत होतात.

हन्नाबाईंना वाचता येत नव्हते. त्यांनी ती कथा पुन्हा वाचायला लावली आणि विचारले, “बाई, त्या राजाचं नाव काय हुतं?”

पाळकीणबाईंनी पाने चाळली. “ते इथं दिलेलं नाही, हन्नाबाई. सुइणींचं दिलंय.”

त्यानंतर प्रत्येक प्रसूतीपूर्वी हन्नाबाई प्रभूची प्रार्थना करीत आणि शेवटी ती दोन नावे पुटपुटत.

काही वर्षांनी, चैत्राच्या भर दुपारी, शहादेव यांच्या घरून बोलावणे आले. ऊसतोडीहून ते कुटुंब नुकतेच परतले होते. त्यांची सून वर्षाराणी हिला आधीच्या दोन मुली होत्या. रुग्णवाहिका निघाली होती. परंतु बाळ तिच्यासाठी थांबणार नव्हते.

हन्नाबाईंचे पुटपुटणे ऐकून सासू कौशल्याबाई म्हणाल्या, “ह्या शिफ्रा-पुवा कोण? तुमच्या सटवाया का?”

“न्हाई माय. सुईणी हुत्या, माझ्यावानी.”

“मंग त्यांन्ला म्हणावं, औंदा पोरगा धाडा. अन् सांगून ठिवते, हन्नाबाई, पोरगी असली तर थाळीला हात लावायचा न्हाई. रडली तर रडली.”

“अन् न्हाई रडली तर?”

“न्हाई तर न्हाई.”

पलंगावर वर्षाराणी सर्व ऐकत होती.

मुलगी झाली. निळसर, मुठी मिटलेली. हन्नाबाईंनी तिचे तोंड पुसले, पाठ चोळली, तळवे घासले. ती रडली नाही. डाव्या हाती मला धरून हन्नाबाईंनी उजव्या हातात उलथणे घेतले, तेव्हा कौशल्याबाईंनी त्यांचे मनगट पकडले. तीच शांतता पुन्हा माझ्यात उतरू लागली. माझे अंग गार पडत गेले.

तेवढ्यात वर्षाराणीने पडल्या जागेवरून हात लांब केला आणि बांगड्यांसकट माझ्यावर आपटला. काचा विखुरल्या. कौशल्याबाईंची पकड सुटली आणि हन्नाबाईंनी बालिकेच्या कानाशी मला वाजविले. आजवरच्या आयुष्यात मी तशी वाजले नव्हते. त्या नादाच्या मध्यावर एक बारीक, कोरडा आवाज उठला. बालिका रडत होती.

बाहेर लिंबाखाली शहादेव बसले होते. थाळी ऐकताच त्यांनी आणून ठेवलेल्या गुळाची ढेप फोडली आणि जमलेल्यांच्या हातांवर खडे ठेवले. कौशल्याबाई बाहेर आल्या, तेव्हा सर्वांची तोंडे गोड झाली होती.

“पोरगी हाय,” त्या म्हणाल्या.

मग शेजारचे आसाराम म्हणाले, “मंग काय करावं, काकू? थुकावा का गूळ?”

“ह्या सुईणीनं फशिवलं आपल्याला.”

“मी काय बोललेच न्हाई,” हन्नाबाई उंबऱ्यावरून म्हणाल्या. “थाळी वाजली. तुमी गूळ वाटला.”

शहादेव यांच्या हातात एक खडा उरला होता. मग तो त्यांनी स्वतःच्या तोंडात टाकला. “आवाज लई खणखणीत हाय पोरीचा,” ते म्हणाले. “समद्या वस्तीनं ऐकला. आता तिला काय झालं तर समदे मलाच इचारतील.”

ती मुलगी जगली. परंतु मुलीसाठीही वाजणारी थाळी वस्तीला नको होती. ‘खोटी थाळी’ असे लोक मला म्हणू लागले. हन्नाबाईंना बोलावणी येईनाशी झाली. त्यांनी कधी तक्रार केली नाही. केवळ मला राखेने घासून लख्ख ठेवीत. त्या प्रभूकडे गेल्यानंतर मी रांजणावर आले. आता बाळे रुग्णालयात जन्मतात, आणि ते चांगलेच आहे. तरी दारावरून एखादी प्रसूत झालेली स्त्री मुलीला घेऊन मान खाली घालून जाते, तेव्हा माझ्याखालचे पाणी हलते.

मित्रांनो, तुमच्या घरी मुलगी येईल तेव्हा थाळी वाजवा. मोठ्याने वाजवा, शेजारच्या आळीपर्यंत जाऊ द्या. जिचे येणे अनेकांनी ऐकले, तिला गुपचूप हरवणे कठीण असते. आणि वाजवून झाल्यावर हाताने नाद लगेच दाबू नका. तो आपोआप संपेपर्यंत थांबा. ज्यांच्यासाठी थाळी वाजलीच नाही, अशाही कोणी कोणी त्या नादात असतात, आणि त्यांना बाहेर येण्यास थोडा वेळ लागतो.