तीनशेची पहिली फेरी

“मामा, गाडयेचां नाव तीनशे, पण आतलां इंजिन कितीचां आसा रे?”

जानकीनं विचारलं ते थेट देवळासमोर, सगळ्या वाडीच्या देखत. शिवांगी आणि सारिका या तिच्या मैत्रिणींनी तिला डिवचलं होतं, “हिंमत आसा तर सगळ्यांसमोर विचार!” आणि हिंमत तर जानकीकडे हल्ली नुसती उतू चालली होती. जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेतली ढाल घरी आणल्यापासून ही दहावीतली मुलगी शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत कुणालाही काहीही विचारू लागली होती.

विनीतमामानं गोव्याहून ती आलिशान गाडी आणली होती. वापरलेली, पण काय तिची चकाकी! कंपनीचं परदेशी नाव आचऱ्यात कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून मागच्या चंदेरी आकड्यावरून सगळे तिला ‘तीनशे’च म्हणत. वाडीतल्या म्हाताऱ्या लवूआज्यानं हात जोडून देवाला नुकतंच गाऱ्हाणं घातलं होतं : “बा देवा म्हाराजा, तुझ्या लेकरान ही गाडी तुझ्या पायाकडे हाडून उभी केल्यान हा. तिच्या तीन लिटरच्या इंजिनाक बळ दी, तिच्या चार चाकांची राखण कर रे म्हाराजा!” आणि साऱ्या वाडीनं एका सुरात “व्हय म्हाराजा!” म्हटलं होतं. ते तीन लिटर आज्याच्या कानात मामानंच घातलेले.

“तीनशे म्हणजे तीन लिटर,” मामा छाती काढून म्हणाला. “शंभरान भागायचां. गणित येणा नाय तुका?”

“तां आदी होतां! आदी आकडो म्हणजे इंजिनाचां माप. आता बारक्या इंजिनाक टर्बो बसवतत, तो हवा कोंबता, आणि ताकद वाढली काय आकडोय वाढवतत. तुझ्या गाडयेक दोनच लिटरचां इंजिन आसा. मोबायलार बघलंय मी.”

“मेलो! आज्यानू, गाऱ्हाणां चुकलां!” मागून कुणीतरी ओरडलं.

“देवाक ठाऊक आसा खरां काय तां,” लवूआजा म्हणाला, आणि सगळी वाडी खो खो हसली. मामा हसला नाही. त्याचे कान लाल झाले.

घरात नवं वाहन आलं की पहिली फेरी भाचीची, ही त्यांच्या घरची रीत. जानकी ऐटीत पुढे बसली. आई खिडकीशी वाकून म्हणाली, “विनू, सावकाश रे. उद्या कोल्हापुराक जावचां आसा.” दुसऱ्या दिवशी जानकीच्या चुलतभावाचा साखरपुडा होता, आणि आई, बाबा, जानकी अशा तिघांना मामा याच गाडीतून फोंडा घाटानं नेणार होता.

वाडी मागे पडली. दोन्ही बाजूंना गडगे, लाल चिऱ्याच्या कुंपणभिंती, मधे एका गाडीपुरता रस्ता.

“दोन लिटर काय?” मामा पुटपुटला. “आता बघ दोन लिटर.”

त्यानं पाय दाबला. गाडीचा वेग वाढल्यासारखासुद्धा वाटला नाही. मामाचा पाय आंब्याच्या पेट्या वाहणाऱ्या जुन्या पिकअपला सरावलेला. तिला दाबलं नाही तर ती चढणच चढत नसे. त्यानं आणखी दाबला, पार तळापर्यंत. आणि मग कुणीतरी मागून लाथ घालावी तशी गाडी सुटली.

जानकीचं डोकं सीटवर आपटलं. टर्बोच्या गाडीत आधी क्षणभर काही होत नाही आणि मग ताकद एकदम येते, हे तिनं वाचलं होतं. परीक्षेतल्या उत्तरासारखं पाठ होतं ते तिला. पण दोन लिटर म्हणजे गाडी गरीब, असंच ती मनात धरून बसली होती. आता तेच दोन लिटर तिला सीटमध्ये दाबून धरत होते. गडग्यांचे चिरे वेगळे दिसेनात, नुसती लाल रेघ झाली. “मामा!” ती ओरडली.

पुढे उतार, उताराच्या पायथ्याला ओढ्यावरचा अरुंद साकव, आणि साकवावर मासळीची पाटी डोक्यावर घेतलेली एक बाई.

मामानं ब्रेक दाबला. गाडीचं मागलं अंग डावीकडे सरकलं. बाई कठड्याला चिकटली, पाटी खाली पडली. गाडी थांबली तेव्हा तिच्या लुगड्याच्या आणि बंपरच्या मधे हातभरसुद्धा जागा नव्हती.

“मेल्या, डोळे खंय ठेवलंस?” बाई किंचाळली. “माझी हाडां येचूक लागली असती तुका!”

जानकी खाली उतरून रस्त्यावरचे बांगडे गोळा करू लागली. तिनं वर पाहिलं. मामा स्टिअरिंग धरून बसूनच होता; आणि तो हसत होता.

“भियालंस काय गो?” परत निघताना तो म्हणाला. “तुझ्या आयेक सांगू नको हां. उद्या घाटात बघ, कशी उडता ती!”

घरी आल्यावर जानकी मागल्या दारी पायरीवर जाऊन बसली. डोळे मिटले की घाटाची वळणं दिसत, एका बाजूला दरी, मागच्या सीटवर आई, आणि मामाचा तो पाय. या गाडीला किती दाबायचं हे त्या पायाला अजून कळलेलंच नव्हतं. आत आई पिशवी भरत बाबांना सांगत होती, “माझो भाव म्हणून एवढ्या गाडयेतसून जावक मिळता हां!” केवढी खूश होती ती! सांगावं तर आईचा एकुलता एक भाऊ दुखावणार, कदाचित वर्षभर उंबऱ्याला पाय लावणार नाही. तीनशे माणसांसमोर भाषण ठोकताना कोरडी न पडलेली जानकीची जीभ आता टाळ्याला चिकटली होती.

ती उठली आणि आत गेली.

“काय गो, तोंड असां कित्याक झालां?” बाबांनी विचारलं.

तिनं साकवावरचं सगळं सांगितलं. अडखळत, मधेच रडत, पण सगळं. आईच्या हातातली पिशवी तशीच राहिली.

“विनून? असो कसो चलवीत तो? तू काय्यव सांगतंस!”

“आये, तू माझ्यार रागावलंस तरी चलात,” जानकी म्हणाली. आवाज कापत होता, पण तिनं तो थांबू दिला नाही. “उद्या मी त्या गाडयेत बसूचंय नाय, आणि तुमकांय बसूक दिवचंय नाय. आपण सकाळच्या एस्टीन जावया. मामाक मीच सांगतंय, आत्ता.”