माझ्या पोटातला करपट वास

"जोतिबाराया, माझ्या अंतराची कूस उजवू दे. सातव्या महिन्यात तुझा डोंगर चढून येईन, गुलाल-खोबरं उधळीन," असा नवस अक्का बोलल्या, तेव्हा त्यांचा हात माझ्याच दारावर होता. अंतराला सासरी सोडून आम्ही गारगोटीहून परत निघालो होतो. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी लेकीची ओटी रिकामीच होती.

मी त्या घरची मोटार बोलतेय. दुधी रंगाची, गोल दिव्यांची.

माझे पहिले मालक हातकणंगल्याचे एक वकील. त्यांनी मला चालवलं कमी आणि पुसलं जास्त. नव्वद सालाच्या आसपास नृसिंहमास्तरांनी मला कोल्हापुरात आणलं. मास्तर मोजकं बोलणारे, काळजीनं चालवणारे. त्यांच्या मंडळींना सगळी गल्ली अक्का म्हणायची. अक्कांनी माझ्या कपाळावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलायलाच लागल्या. "चल बाई, सांभाळून ने." माणसं गाडीला लाथ मारतात, शिव्या देतात, मला मात्र रोज कुणीतरी बाई म्हणत होतं.

नवसाला देव पावला. अंतराला दिवस गेले. सातवा महिना लागला तसा अक्कांनी डोंगराचा धोशा लावला. डॉक्टरांनी अंतराला घाटाचा प्रवास नको म्हटलेलं, म्हणून दोघंच नवस फेडायला निघाले.

घाट चढून मी चांगलीच तापले. वर पोचताच मास्तरांनी वारं लागावं म्हणून माझं बॉनेट उघडून ठेवलं आणि ते पाणी आणायला गेले. तेवढ्यात दर्शन घेऊन अक्का आल्या. ओंजळीत उरलेला गुलाल आणि खोबऱ्याचे तुकडे. उघडं इंजिन बघून त्यांना भरून आलं. "तू चढलीस म्हणून मी वर आले. तुलाबी देवाचा मान." आणि त्यांनी ती ओंजळ भक्तिभावानं माझ्या काळजावर उधळली. मी लाल झाले. मोटारीच्या नशिबी असा मान कुठला!

पण पुढच्या आठवड्यात मला वास यायला लागला.

थोडं चाललं, चढ लागला, की पोटातून काहीतरी जळाल्याचा वास. थांबलं, गार झालं, की वास गायब. मास्तरांनी पिराजी मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी वायरी तपासल्या. हँडब्रेक चिकटतोय का पाहिला, क्लच पाहिला, कुठं ऑइल ठिबकतंय का म्हणून खाली निजून पाहिलं. मी तर ठणठणीत! दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच वास.

इकडं अंतराला आणायचा दिवस जवळ आला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही अक्कांची आस. मास्तर मात्र अडून बसले.

"असल्या गाडीत पोटुशी पोरगी घालू? वाटेत पेटली म्हणजे? न्हाय जमायचं."

"मग जीपनं आणा."

"डॉक्टर हादरा नको म्हणालेत. जीपमधनं धडधाकट माणूस उतरलं तर कंबर धरून उतरतंय. होऊ दे बाळंतपण तिकडंच."

अक्का माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "काय होतंय गं तुला? सांग की." मला तोंड असतं तर!

दिवस वर्षाची चटणी करून ठेवायचे होते. दुसऱ्या दिवशी अक्का चटणीचा मसाला भाजायला बसल्या होत्या. अंगणात पिराजी मिस्त्रींनी मला सुरू करून तसंच ठेवलं होतं. एकाएकी अक्का ओरडल्या, "अगं बाई, खोबरं करपलं!" कढईत बघतात तर नुसते धणे. खोबरं अजून सुपातच, कोरडं. हातात उलथनं तसंच घेऊन त्या बाहेर धावल्या आणि माझ्या उघड्या बॉनेटपाशी नाक नेलं.

"पिराजीभावजी, ही वायर न्हाय, ऑइल न्हाय. खोबरं जळतंय."

"वहिनी, मोटार हाय ही. चटणी कुटायची गिरण न्हवं!" मिस्त्री हसले.

"हसा. जल्मभर खोबरं भाजलंय मी. आन् हिच्या अंगावर ते टाकलंय कुणी? मीच की."

मिस्त्रींचं हसू थांबलं. त्यांनी मला बंद केलं, गार होऊ दिलं. इंजिनातून जळका धूर नेणारी नळी असते, तिच्यावर उष्णता अडवायला पत्रा बसवलेला असतो. तो खोलला. आत नळीला चिकटलेले खोबऱ्याचे कोळसे, आणि त्यातनं सुटलेलं तेल ओघळून खाली साचलेल्या धुळीत मुरलेलं.

"पेट्रोलची नळी हितनं वीतभर हाय," मिस्त्री गंभीर होऊन म्हणाले. "बरं झालं, नाक घातलंसा."

अक्कांनी कानाला हात लावला. "देवा, तुझा मान मी भलत्याच जागी ठेवला रे!" मास्तर पहिल्यांदा हसले. "देवानंच सांगितलं म्हण, तुझ्या नाकात बसून."

मिस्त्रींनी सगळं खरवडून, धुऊन काढलं. मग मास्तरांनी मला एकटीलाच घाट चढवून आणलं. वास नाही. तरी घरी येऊन बॉनेट उघडून त्यांनी स्वतः हुंगून पाहिलं आणि मगच म्हणाले, "चला. पोरीला आणू."

गारगोटीहून येताना मी जितकी हळू आणि अलगद चालले, तितकी कधीच चालले नव्हते. अंतरा अक्कांच्या खांद्यावर मान टाकून झोपली ती कोल्हापूर येईपर्यंत. पुढं तिला मुलगा झाला, धवल. दवाखान्यातून घरी तो माझ्यातूनच आला.

त्याला आता मिसरूड फुटलंय. मी शेडमध्ये असते, क्वचित बाहेर पडते. पण अजूनही कुणाला लांब जायचं असलं की अक्का आधी थोडा वेळ गाडी सुरू ठेवायला लावतात, भोवती एक फेरी मारतात, हुंगतात आणि मगच हात जोडतात.

तुमच्याही दारात माझी एखादी बहीण उभी असेल. तिला बोलता येत नाही. तिचं दुखणं ती वासानंच सांगते. तेव्हा आपलं माणूस आत बसवण्याआधी तुम्हीही तेवढं करा हं.